झोळीतलं वजन

आमच्या गल्लीत माझ्या आईच्या पायाच्या अंगठ्याला जो मान होता, तो माझ्या वडिलांनाही नव्हता. वडील सकाळी डबा घेऊन बडनेऱ्याला रेल्वेच्या कामावर जात, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत येत, आणि मधल्या वेळात घरात काय चालतं याची त्यांना फारशी कल्पना नसे. मधल्या वेळात घर आईच्या अंगठ्यावर चाले. समोरच्या खोलीत छताच्या आडव्या लाकडाला जुन्या नऊवारीची झोळी बांधलेली असायची. त्या झोळीची दोरी मधल्या भिंतीतल्या एका भोकातून स्वयंपाकघरात आलेली, आणि तिच्या टोकाला एक सैल फास. आई चुलीपुढे बसली की तो फास उजव्या पायाच्या अंगठ्यात अडकवायची. हातांनी भाकरी थापायची आणि पायाने लेकरू झुलवायची. भिंतीपलीकडचं लेकरू तिला दिसत नसे आणि दिसायची गरजही नसे. दोरी ओढताना अंगठ्याला जो ताण लागायचा, त्यावरून तिला सगळं कळायचं. भाकर तव्यावर टाकता टाकता ती मला सांगायची, "जागी हाय, पण रडणार नाई. राहू दे." मी समोरच्या खोलीत जाऊन झोळीची कड बाजूला करून बघायची, तर आत खरंच दोन डोळे टकटक उघडे असायचे.

पाळणाघर हा शब्द तेव्हा आमच्याकडे नव्हता. नोकरीवर जाणाऱ्या बाया सकाळी येत, लेकरू आणि दुपट्यांचं गाठोडं आईच्या हवाली करत आणि जात. शांताबाईकडे पोट्टे ठेवतात, एवढंच लोक म्हणत. झोळीत सगळ्यांत लहान, बाकीची दोन-तीन खाली वाकळीवर. त्यामुळे आमच्या घराला एक कायमचा वास होता, आंबट दुधाचा, ओल्या दुपट्यांचा आणि भाकरीचा, आणि शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी नाक मुरडायची तेव्हा मला कळायचं नाही की कशामुळे. आवाजही तसेच कायमचे. भाकरी थापल्याचा आवाज, त्यात मिसळलेली लाकडाची कुरकुर, शेजारच्या अमीनाखालाचं शिवणयंत्र, आणि आईचं शब्दांशिवायचं गुणगुणणं. ते गाणं नव्हतं. एकच सूर वर जायचा आणि खाली यायचा. मी लग्न होऊन अकोल्याला आले, तेव्हा पहिले काही दिवस मला दुपारची झोपच लागेना. घर शांत होतं हे त्याचं कारण, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

घरात आणखी एक जण होता, भुऱ्या. हा बोका अमीनाखालाच्या घरून भिंत ओलांडून आला आणि परत गेलाच नाही. खाला म्हणायची, माझ्याकडे गोश्त खाऊन कंटाळला, आता तुमच्याकडे वरणभात खायला आलाय. रंगाने राखाडी-भुरा, डोक्याने भला मोठा, आणि आळशी तर इतका की उंदीर समोरून गेला तर त्याने तोंड फिरवून घ्यावं. लेकरांच्या ताटातला सांडलेला भात, तूप, दुधाची साय असं खाऊन खाऊन तो गोल झाला होता. माझा त्याच्यावर फार जीव होता. घरातली सगळी लेकरं दुसऱ्यांची होती, संध्याकाळी आपापल्या आयांबरोबर निघून जायची. भुऱ्या तेवढा आमचा होता. हिवाळ्यात तो वाकळीवर लेकरांच्या पायाशी झोपायचा आणि लेकरंही त्याच्या पोटात पाय खुपसून झोपायची. फक्त झोळीच्या जवळ आई त्याला फिरकू द्यायची नाही. तो त्या बाजूला गेला की स्वयंपाकघरातून लाटणं आपटायची आणि तो समजून घ्यायचा.

आता माझी मुलगी अकोल्यात पाळणाघर चालवते. तिथे फाटकाला आतून बाहेरून कडी आहे, प्लगांच्या भोकांवर झाकणं आहेत, औषधं वरच्या कपाटात कुलपात आहेत, आणि आयांना आपलं लेकरू कचेरीत बसून मोबाइलवर दिसतं. ठरलेल्या माणसाशिवाय कोणाच्याही हाती ती लेकरू देत नाही. परवा एका नव्या आईचा फोन आला, मुलगी कामात होती म्हणून मी घेतला. तिने विचारलं, घरात कुत्रं-मांजर आहे का? प्रश्न साधा होता, उत्तरही साधंच होतं. पण मी म्हणाले, "आता नाही," आणि फोन ठेवल्यावर दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. म्हणून हे लिहायला बसले. लिहिल्याने गोष्ट सुटसुटीत होईल असं वाटलं होतं, पण तसं काही होताना दिसत नाही.

आईचेही नियम होते, कोणी समजू नये की नव्हते. स्वयंपाकघराच्या दारात गुडघ्याएवढी फळी आडवी लावलेली असायची, रांगणारं लेकरू चुलीकडे येऊ नये म्हणून. मागच्या अंगणातल्या पाण्याच्या टाक्यावर पत्र्याचं झाकण, आणि झाकणावर मला हलवता येणार नाही एवढा दगड. खालाने सुई-दोरा घेऊन आमच्याकडे बसायचं नाही, या नियमाचा खालाला रागही यायचा. आणि एवढं सगळं असून समोरचं दार मात्र दिवसभर सताड उघडं. दिवसा दार लावणं म्हणजे घरात काहीतरी वाईट झालंय, असं आमच्या गल्लीत समजत. कोणी आजारी आहे, नाहीतर नवरा-बायकोचं भांडण आहे. भल्या माणसाचं घर उघडं असतं, येणारा येतो, पाणी पितो, जातो. आतल्या दाराला फळी आणि बाहेरच्या दाराला काहीच नाही, यात काही विसंगत आहे असं कोणालाही वाटलं नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं, आणि मी तर जन्मजात प्रश्न विचारणारी पोरगी होते.

त्या हिवाळ्यात झोळीत चिंगी होती. टेलिफोन ऑफिसात जाणाऱ्या सुनंदाबाईची मुलगी, नुकती बसायला लागलेली. दुपारच्या सुट्टीत सुनंदाबाई तिला पाजायला धावत यायच्या. सुनंदाबाईंचे सासरे वलगावला शेती करत. सगळे त्यांना आबाजी म्हणत. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आवाज असा की रस्त्यावरून बोलले तर मागच्या अंगणात ऐकू यावं. बाजाराच्या दिवशी ते अमरावतीला येत आणि येताना आमच्याकडेही काहीतरी टाकून जात. कधी आंबाडी, कधी ओल्या तुरीच्या शेंगा, कधी गूळ. नातीवर त्यांचा इतका जीव की झोळीत डोकावताना त्यांचा तो मोठा आवाजही बारीक व्हायचा. आई त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायची. तसे ते आमचे कोणी नव्हते, पण वयाने मोठे होते आणि तेवढं पुरेसं होतं.

तो बाजाराचाच दिवस होता. माझी सकाळची शाळा सुटली होती आणि आईने मला मागच्या अंगणात उन्हात तुरीच्या शेंगा सोलायला बसवलं होतं. आत चुलीच्या निखाऱ्यात भरताचं वांगं भाजत होतं आणि त्याचा करपट गोड वास अंगणभर पसरला होता. मला भूक लागली होती, म्हणून मी दोन शेंगा टोपल्यात आणि एक तोंडात असं करत होते. आई भाकरी थापत होती आणि अंगठ्याने दोरी ओढत होती. मध्ये एकदा परातीतलं पीठ संपलं म्हणून ती अंगठ्यातला फास काढून उठली, कोपऱ्यातल्या डब्यातून पीठ काढलं, चाळलं, दोन लाकडं आत सारली, फुंकणीने जाळ नीट केला आणि पुन्हा बसली. फास अंगठ्यात अडकवला. दोरी ओढून पाहिली. मला दारातून तिची पाठ दिसत होती. तिने मान हलवली, म्हणजे वजन होतं, म्हणजे चिंगी झोपेत होती. गुणगुणणं पुन्हा सुरू झालं. लाकूड कुरकुरायला लागलं. त्या वेळी मला जग अगदी जागच्या जागी आहे असं वाटत होतं, आणि खरं तर तेव्हाच ते जागेवर नव्हतं.

भाकरी झाल्या. वांगं सोलून झालं. आईने चिंगीसाठी वाटीत मऊ भात कालवला, वर कोमट तूप सोडलं, फळी ओलांडून समोरच्या खोलीत गेली. मला तिचा आवाज ऐकू आला नाही, वाटी पडल्याचा ऐकू आला. मी धावत गेले. खाली दोन लेकरं वाकळीवर गाढ झोपलेली, भात जमिनीवर सांडलेला, आणि आई झोळीची कड हातात धरून उभी. झोळीत भुऱ्या आडवा पसरला होता. झोका थांबला म्हणून त्याने एक डोळा उघडला आणि तक्रारीचा आवाज काढला. आई त्याच्याकडे बघत म्हणाली, "पोट्टी कोठी हाय?"

ती ते मलाच विचारत असेल असं मला वाटलं, पण नाही, ती बोक्यालाच विचारत होती. परत एकदा विचारलं तिने, हळू आवाजात, समजावून विचारावं तसं. मग तिने त्याला मानगुटीला धरून बाहेर काढलं आणि झोळीत कोपरापर्यंत हात घालून चाचपलं, जणू चिंगी कापडाच्या घडीत कुठेतरी राहिली असेल. मला भुऱ्याच्या तोंडाकडे बघायची भीती वाटली. मांजर लेकराच्या छातीवर बसून श्वास ओढून घेतं असं खाला सांगायची, आणि श्वास ओढलेलं लेकरू नाहीसं होतं की काय, हे मला ठाऊक नव्हतं. मी भुऱ्याला विचारलं नाही, पण त्याच्या मिश्यांना काही लागलंय का ते बघितलं. भाताचं एक शीत होतं.

नंतरचं सगळं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं आणि तुकडे कोणत्या क्रमाने लावावेत ते नक्की सांगता येत नाही. आई बाजेखाली वाकली. पेटी उघडली. गोधड्यांचा ढीग फेकला. तिच्या ओरडण्याने अमीनाखाला भिंतीवरून डोकावली आणि तिने सगळं ऐकून न घेताच सांगितलं, "टाक्यात पाहा पहले. बाकीचं मंग." आई मागे धावली. टाक्यावर झाकण होतं. झाकणावर दगड होता. आठ-नऊ महिन्यांचं लेकरू दोन खोल्या आणि एक फळी ओलांडून, तो दगड उचलून, आत जाऊन, वरून पुन्हा दगड कसा ठेवेल, हा प्रश्न आईला पडला नाही. खालाला पडला नाही आणि मलाही पडला नाही. आईने एकटीने तो दगड ढकलून दिला आणि टाक्यात खांद्यापर्यंत हात घालून तळ ढवळला. थंडीचे दिवस होते, पाणी बर्फासारखं. तिचा हात बाहेर आला तेव्हा रिकामा होता. त्या रिकाम्या हाताचा मला आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून रडू आलं.

एवढ्यात सुनंदाबाई आल्या. नेहमीची पाजायची वेळ. दारात गल्लीतल्या तीन-चार बाया जमल्या होत्या, त्या बाजूला झाल्या. सुनंदाबाईंनी आईकडे पाहिलं, तिच्या ओल्या बाहीतून जमिनीवर पाणी टपकत होतं. त्या म्हणाल्या, "मावशी, चिंगी?" सुनंदाबाई झोळीपाशी गेल्या आणि त्यांनी आत हात घातला. "गरम हाय," त्या म्हणाल्या, "झोळी गरम हाय अजून. आत्ताच तर होती इथं." त्यांच्या चेहऱ्यावर एकदम आशा आली. ती ऊब बोक्याची आहे हे आम्ही कोणीच त्यांना सांगितलं नाही. त्या कितीतरी वेळ तो हात तसाच झोळीत ठेवून उभ्या होत्या. मी आज आजी आहे, तरी एखाद्या रिकाम्या अंथरुणात हात घालून बघितलं आणि ते गरम लागलं की मी उठून घरातली लेकरं मोजते.

आणि मग दारातून आबाजी आले. खांद्यावर चिंगी. चिंगीच्या मुठीत कागदाची भिंगरी, तिचं अर्धं पातं चघळून ओलं केलेलं. एवढ्या बाया बघून ते उंबऱ्याच्या आत येऊन थांबले.

"काहून बाप्पा," ते म्हणाले, "एवढी गर्दी काहून?"

मग त्यांनी आपणच सांगितलं. गावचे लोक बाजारात आले होते, त्यांनी नात अजून पाहिली नव्हती. आमच्याकडे आले तर लेकरं झोपलेली, चिंगी एकटी जागी, आजोबांना बघून हसली. हाक मारली असती तर बाकीची उठली असती. म्हणून त्यांनी अलगद उचलली आणि नेली. तिथे ज्याच्या त्याच्या हातात पोरगी फिरत राहिली, परत यायला वेळ लागला. सांगताना ते कौतुकाने हसत होते. आपण किती जपून, आवाज न करता उचललं, हेच त्यांना सांगायचं होतं. आणि त्यांचं काही खोटं नव्हतं. त्या माणसाने आपला तो आवाज दुसऱ्यांच्या लेकरांसाठी गिळला होता. आई पीठ काढायला उठली होती तेवढ्यातच ते येऊन गेले, आणि त्यांच्यामागे भुऱ्याने गरम जागा रिकामी बघितली. चिंगी अंगाने बारीक होती, भुऱ्या गरजेपेक्षा जाड होता. आईच्या अंगठ्याने दोघांना एकच समजलं.

आईने चिंगीला घेतलं, डोकं, हात, पाय सगळं चाचपलं आणि सुनंदाबाईंच्या ओटीत दिलं. आबाजी खाटेवर बसत म्हणाले, "चहा टाका बाई जरासक." आणि आईने डोक्यावर पदर घेतला, ओल्या बाहीनेच आत गेली आणि चहा टाकला. मी वेडीसारखी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता कोणीतरी यांना बोलेल, असं मला वाटत होतं. खाला गप्प. बाया गप्प. सुनंदाबाई तर त्यांच्या सूनच, सासऱ्यापुढे तोंड उघडणार कसं? मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार अशी सगळ्यांची गत, आणि इथे मांजर वेगळंच होतं. ते खरोखरचं मांजर तेवढ्यात सांडलेला भात चाटायला मध्ये आलं, आणि सुनंदाबाईंचा सगळा राग त्याच्यावर निघाला.

"मावशी, लेकराच्या घरात हे मांजर कायले ठेवता तुमी? झोळीत जाऊन बसते म्हणजे काय? माही पोट्टी आत असती आन् हे छातीवर बसलं असतं तं? हे मांजर राहीन तं चिंगी इथं येणार नाई. सांगून ठेवतो."

आबाजींचा कप तोंडापाशी नेता नेता थांबला. त्यांनी सुनेकडे पाहिलं, बोक्याकडे पाहिलं, आईच्या बाहीकडे पाहिलं. चहा अर्धाच ठेवून टोपी नीट करत उठले आणि बसच्या वेळेआधीच निघून गेले.

वड्याचं तेल वांग्यावर काढतात हे मी ऐकून होते, पण समोर बसून बघायची ती पहिलीच वेळ. संध्याकाळपर्यंत बाकीच्या आयांनाही कळलं आणि त्यांचंही तेच म्हणणं पडलं, मांजर जाऊ द्या, मग आम्ही आमचे पोट्टे आणू. गल्लीत थट्टाही सुरू झाली. आंधळं दळतं आन् कुत्रं पीठ खातं, तसं शांताबाई झुलवते आन् बोका झोपते, असं कोणीतरी म्हणालं आणि ते मला नळावर ऐकवलं गेलं. मी घरी येऊन आईला विचारलं, भुऱ्याने केलं काय? तिने सरळ सांगितलं, त्याने काहीच केलं नाही. मग चूक कोणाची? दार उघडं होतं त्याची? आबाजींची? आई म्हणाली, म्हातारा माणूस, आपल्या नातीला घेऊन गेला, त्यात चूक काय. मग भुऱ्याला का घालवायचं?

"कोणाले तरी जा लागते, सुमे," ती म्हणाली. "माणसाले कोण जा म्हणते?"

हे मी माझ्या मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आई, दारही चुकीचं होतं आणि मांजरही चुकीचं होतं, त्या दिवशी काही झालं नाही हे तुमचं नशीब. ती बरोबरच बोलते. तिचं बोलणं ऐकताना मला पटतं आणि उठून गेले की पुन्हा भुऱ्याचा तो एक उघडा डोळा आठवतो. आईच्या म्हणण्यात न्याय नव्हता, पण शहाणपण होतं का? इतकी वर्षं झाली, मी अजून त्या खोलीच्या मधोमध उभी आहे असं वाटतं.

आई हरली होती ती मात्र दुसऱ्याच गोष्टीने. तिने भिंतीच्या भोकातून दोरी ओढून काढली, गुंडाळली आणि खुंटीला टांगली. दुसऱ्या दिवशी फक्त एक लेकरू आलं, त्याला झोळीत घालून ती शेजारी जमिनीवर बसून हाताने झुलवत राहिली. दर थोड्या वेळाने झोका थांबवायची, कड बाजूला करायची, बघायची, पुन्हा झुलवायची. लेकरू त्या बघण्यानेच उठायचं. गुणगुणणं बंद. चूल उशिरा पेटली, भाकरी करपल्या, वडिलांनी डबा रात्रीच्या शिळ्या भाकरीवर नेला आणि तक्रार केली नाही. मला आईची काळजी वाटायला लागली होती. लेकरं येणं बंद झालं तर ही दिवसभर काय करेल, हे माझ्या डोळ्यांपुढे येईना. या घरात तिला विचारायला लोक येत ते त्या लेकरांमुळे. नाहीतर ती बडनेऱ्याला जाणाऱ्या माणसाची बायको, एवढीच राहिली असती. भुऱ्याला वडिलांनी पिशवीत घालून बडनेऱ्याला रेल्वेच्या गोदामापाशी सोडायचं ठरलं. वडील रोज म्हणत, उद्या नेतो. मी रोज रात्री देवाला सांगायची, उद्या होऊ देऊ नको, आणि लगेच सांगायची, पण आईकडे लेकरं येऊ दे. देवालाही नेमकं काय करावं ते कळलं नसेल.

मग एका सकाळी, आया कामावर निघायच्या वेळेला, दाराची कडी वाजली. दार नेहमीसारखं सताड उघडं होतं. उघड्या दाराची कडी कोणी वाजवत नाही, म्हणून आम्हाला कळेचना की आवाज कुठून आला. मी बाहेर आले. उंबऱ्याच्या पलीकडे आबाजी उभे होते. वलगावची पहिली बस धरून आले असावेत, अंगावरच्या घोंगडीला अजून गारठा होता. त्यांच्या मागे थोड्या अंतरावर सुनंदाबाई, कडेवर चिंगी. मांजर गेलं की नाही ते बघायला आल्या होत्या, का सासऱ्यांनी आणलं होतं, ते मला माहीत नाही. मी आबाजींना आत या म्हटलं. ते आले नाहीत. आईला बोलाव म्हणाले, तेही इतक्या हळू आवाजात की मला दोनदा विचारावं लागलं.

आई पदर घेत आली. तिनेही आत या म्हटलं. ते तिथेच उभे राहिले, एक हात कडीवर.

"बाई," ते म्हणाले, "घरात तूर भरून ठेवेल हाय. उंदरं लय झाले. तुमचं मांजर नेऊ का?"

भुऱ्याने आयुष्यात उंदीर मारला नव्हता हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. आबाजींनाही असणार. आई माझ्याकडे बघत राहिली आणि मला कळलं की मला विचारतेय. मी हो म्हटलं का? आठवत नाही. मी आत गेले आणि वाकळीवरून भुऱ्याला उचलून आणलं. तो झोपेने जड झाला होता. मी त्याला उंबऱ्यावरून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली, त्यात त्याला गुंडाळलं, डोकं बाहेर राहील असं, आणि लेकराला घेतात तसं छातीशी धरलं. पण निघाले नाहीत. आई काही म्हणत नाही तोवर त्यांचा पाय उचलेना.

"न्या," आई म्हणाली. "पोरीचा जीव हाय त्याच्यावर."

"इचारून नेऊन राहिलो, बाई," आबाजी म्हणाले. "पोरीले याद आली तं आणीन. तवाही इचारूनच आत येईन."

लेकरं कडेवर घेऊन गल्लीत थांबलेल्या बाकीच्या आयाही ऐकत होत्या. सुनंदाबाईंनी मान खाली घातली होती. सासरा गल्लीच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या, मग पुढे आल्या आणि चिंगीला आईच्या हातात दिलं. गाठोडं दारातच ठेवलं. मावशी, येतो, एवढंच म्हणाल्या आणि ऑफिसच्या वाटेला लागल्या. बाकीच्या आयांनीही एकेक करून लेकरं आत सोडली. आईने त्या दिवशी पहिल्यांदा समोरच्या दाराला दिवसा कडी लावली, आणि पुढे कितीतरी दिवस लोक येता-जाता विचारत राहिले, शांताबाई, घरी सगळं बरं आहे ना?

भुऱ्या गेल्याचं रडू मला आलंच नाही, कारण आनंद झाला होता, आणि आनंद झाला म्हणून स्वतःचाच राग आला होता. मी झोळीपाशी खाली बसून राहिले. आईने चिंगीला झोळीत घातलं. खुंटीवरची दोरी काढली, भोकातून पलीकडे सारली, फळी ओलांडून आत गेली. थोड्या वेळाने चूल पेटल्याचा वास आला. मग भाकरी थापल्याचा आवाज. मग दोरी ताणली गेली आणि लाकूड कुरकुरलं. मी वाट बघत होते की आता आतून आवाज येईल, जागी हाय, नाहीतर झोपली, नेहमी यायचा तसा.

दोरी थांबली. भिंतीपलीकडून आई म्हणाली, "सुमे, पाह्य वं जरा. आत चिंगीच हाय नं?"

मी उठले, झोळीची कड बाजूला केली आणि नीट बघून तिला सांगितलं, चिंगीच आहे.